लहान शेतात धान्य आणि तेलबिया खरंच परवडतात का?

धागा: माझं मत सरळ आहे, दोन हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याने नुसत्या धान्य-तेलबियांवर घर चालवायचा नाद सोडावा. उत्पादन कमी येतं म्हणून नाही हं, अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्येच भारतातल्या आकडेवारीवरून मांडलं होतं की लहान शेतात एकरी उत्पादन बरेचदा जास्त निघतं. पण ते निघतं घरच्यांच्या राबण्यावर, आणि ती मजुरी हिशोबात कोणी धरतच नाही. ती धरा आणि मग सांगा काय उरतं.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. जगातली ८० टक्क्यांहून जास्त शेतं दोन हेक्टरच्या आतली आहेत, ती सगळी काय चुकतायत? खरा खड्डा यंत्रात आहे. वर्षातून आठ दिवस चालणारा ट्रॅक्टर दारात उभा केला तर घसारा (यंत्राची दरवर्षी घटणारी किंमत) आणि कर्जाचं व्याजच पीक खाऊन टाकतं. भाड्याने घ्या किंवा चौघांत मिळून घ्या, गणित लगेच बदलतं.

धागाकर्ता: भाड्याचं हार्वेस्टर येतं कधी ते पण बोला ना! सगळ्यांचं पीक एकाच आठवड्यात तयार होतं आणि लहान तुकड्याचा नंबर शेवटी लागतो, तोवर सोयाबीनच्या शेंगा वाळून तडकतात, दाणा जमिनीवर. वर पाऊस आला की माल ओला, ओल जास्त म्हणून भाव कापला, आणि साठवायला जागा नाही म्हणून सगळ्यांसोबत त्याच पडलेल्या भावात विकायचं.

प्रतिसाद २: म्हणूनच म्हणतो बी विकू नका, घाणा घाला, तेल विका आणि पेंड जनावरांना.

प्रतिसाद ३: थांबा, कुठल्या पिकाचा घाणा ते बघा आधी. सोयाबीनमध्ये तेल १८-२० टक्के, आणि छोट्या घाण्याच्या पेंडीत ६-७ टक्के तेल तसंच राहतं, म्हणजे तेलाचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. मोठे कारखाने सॉल्व्हंट (तेल विरघळवून काढणारं रसायन) वापरून पेंडीत एखादा टक्काच ठेवतात, त्यांच्याशी तुम्ही भावात टिकणार कसे? सूर्यफूल (४० टक्क्यांच्या आसपास) किंवा तीळ (५० च्या आसपास) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मीही घाण्याच्या बाजूने.

प्रतिसाद १: हे मान्य, सोयाबीनचं माझ्या डोक्यात नव्हतं. पण धागाकर्त्याचा मूळ सल्ला मला अजूनही धोक्याचा वाटतो. सगळे धान्य सोडून भाजीपाल्याकडे वळले तर नाशवंत मालाचा भाव एका आठवड्यात कोसळतो, धान्य निदान कोरडं असलं तर महिनोन्महिने थांबतं. आणि फेरपालटातून (आलटून-पालटून पिकं घेण्यातून) सोयाबीनसारखं शेंगवर्गीय पीक काढलं की हवेतला नत्र फुकट मिळायचा तो बंद, मग तेवढा युरिया विकत आणा. हा खर्च तुमच्या हिशोबात कुठेय?

धागाकर्ता: फेरपालटासाठी एक हंगाम ठेवा, त्याला माझी ना नाही. पण बाहेरचं उत्पन्न नसताना सगळं शेत धान्य-तेलबियांतच घालू नका, एवढ्यावर मी ठाम आहे.