माजी सैनिकांसाठीच्या मोठ्या संस्था देणगी नीट वापरतात का?

गंगापूररोड_४७
ध्वजदिनाच्या निमित्ताने आमच्या सोसायटीत ४७ घरांतून प्रत्येकी तीन हजार, म्हणजे १ लाख ४१ हजार जमलेत. माजी सैनिक किंवा वीरनारींसाठी (हुतात्मा जवानांच्या पत्नींसाठी) द्यायचेत. देशभर काम करणाऱ्या एका बड्या संस्थेचे फोन रोज येताहेत, माहितीपत्रकावर ‘९० टक्क्यांहून जास्त रक्कम जवानांसाठी’ असं छापलंय. निम्मे सभासद म्हणतात, एवढी मोठी संस्था आहे तर हिशेब चोख असणारच. उरलेल्यांचं म्हणणं, मोठी आहे म्हणूनच बघून द्या. नेमकं बघायचं काय आणि कुठे?

जमाखर्च
९० टक्के हा आकडा खोटाच असेल असं नाही, पण तो काढतात कसा ते बघा.

संस्था महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर तिला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. दरवर्षी ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. अनुसूची ८ म्हणजे ताळेबंद, अनुसूची ९ म्हणजे उत्पन्न-खर्च. पावतीवरचा नोंदणी क्रमांक घ्या आणि ज्या कार्यालयात नोंदणी आहे तिथे नकलेसाठी अर्ज करा. नाशिकची नोंदणी असेल तर इथल्याच सहधर्मादाय आयुक्त कार्यालयात. तीन वर्षांचे हिशेब मागा, एका वर्षावरून काही कळत नाही.

आता अनुसूची ९ ची डावी बाजू वाचा. आस्थापना खर्च, विश्वस्तांचं मानधन, कायदेशीर खर्च, ऑडिट फी, घसारा असं करत शेवटी ‘उद्दिष्टांवरील खर्च’ येतो. त्यात पाच पोटओळी असतात: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना साहाय्य आणि ‘इतर धर्मादाय उद्दिष्टे’. सैनिकांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचा बराचसा माल या पाचव्या ओळीत कोंबलेला असतो. त्या ओळीचं परिशिष्ट हातात येत नाही तोवर काहीच वाचलं नाही असं समजा.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. वर्षाची जमा २ कोटी ४० लाख. आस्थापना खर्च २२ लाख, इतर उद्दिष्टे १ कोटी ५५ लाख, शिल्लक ६३ लाख. आस्थापना नऊ टक्केच, म्हणून पत्रकावर ‘९० टक्क्यांहून जास्त’ छापून मोकळे. परिशिष्ट उघडलं की १ कोटी ५५ लाख असे फुटतात: जनजागृती अभियान ७१ लाख, सत्कार सोहळे ३८ लाख, वीरनारींना थेट मदत ३१ लाख, शिष्यवृत्ती १५ लाख. म्हणजे थेट पोचले ४६ लाख, रुपयातले एकोणीस पैसे. ‘जनजागृती’त बहुधा तेच फोन आणि तीच पत्रकं असतात, ज्यांच्या तळाशी देणगीचा क्यूआर कोड आहे. सत्कार म्हणजे सभागृहाचं भाडं, मंडप, जेवणावळ, शाल, श्रीफळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह. वीरमातेच्या घरी ते स्मृतिचिन्ह ठेवायला फडताळ तरी आहे का, हे कोणी विचारत नाही.

ताळेबंदात दोन जागा बघा. एक, मालमत्तेच्या बाजूला ‘आगाऊ रकमा’: विश्वस्त, कर्मचारी, ठेकेदार, वकील, इतर. विश्वस्तांपुढचा आकडा वर्षानुवर्षं हलत नसेल तर विचारा, पैसा कशाला दिला आणि परत कधी येणार. दोन, राखीव आणि विशिष्ट हेतूचे निधी फुगताहेत का. आयकरातली सूट टिकवायला ८५ टक्के उत्पन्न उद्दिष्टांवर लावावं लागतं, पण कारण सांगून फॉर्म १० भरला की पैसा पाच वर्षांपर्यंत साठवता येतो. रुग्णालय बांधायचं म्हणून साठवला असेल तर ठीक आहे. नुसतं ‘भविष्यातील योजना’ लिहिलं असेल तर तुमचे तीन हजार मुदत ठेवीत बसणार.

लेखापरीक्षकाचा अहवालही सोडू नका. पैसा उद्दिष्टाबाहेर गेला का, वर्षाहून जुनी येणी किती, पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का, असे ठरलेले प्रश्न त्यात असतात. सगळीकडे ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ आणि शेजारी तीन इमारतींचं काम चालू असेल, तर काय समजायचं ते समजा.

संस्था दिल्लीची किंवा दुसऱ्या राज्यातली असेल तर हे कागद इथे मिळणार नाहीत. मग तिच्या संकेतस्थळावरचे लेखापरीक्षित हिशेब आणि ‘एनजीओ दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद बघा. परदेशी देणगी घेत असेल तर एफसी-४ हे वार्षिक विवरणही. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैशातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही.

सायखेडा_फाटा
जमाखर्च यांच्याशी बहुतेक सहमत, पण ‘थेट मदत’ हाच एक निकष लावला तर चांगल्या संस्थाही नापास होतील. पाय गमावलेल्या जवानाला कृत्रिम पाय बसवून त्यावर चालायला शिकवणारा माणूस पगार घेतो. समुपदेशकही घेतो. हा खर्च धनादेशासारखा दिसत नाही म्हणून वाया गेला असं होत नाही. आस्थापना खर्च चार टक्के दाखवणाऱ्या संस्थेपेक्षा, अठरा टक्के दाखवून कामाची यादी देणारी मला बरी वाटते.

अमेरिकेतल्या वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट या जखमी सैनिकांसाठीच्या संस्थेचं प्रकरण या वादासाठी बघण्यासारखं आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या माध्यमांनी संस्थेचा परिषदा आणि बैठकांवरचा खर्च काढला: २०१० मध्ये १७ लाख डॉलर, २०१४ मध्ये २ कोटी ६० लाख. ८० टक्के खर्च कार्यक्रमांवर होतो असं संस्था सांगत होती. पण त्यात निधी उभारणीचाही काही भाग धरलेला, तो वगळला की ६० च्या आसपास. मार्चमध्ये वरच्या दोन अधिकाऱ्यांना पदावरून काढलं. संचालक मंडळाने करून घेतलेल्या तपासणीत मात्र परिषदांच्या खर्चापैकी सुमारे ९४ टक्के सैनिकांसाठीच्या कार्यक्रमांचा निघाला. दोन्ही बाजूंनी तोच खर्च, फक्त नोंद करायची ओळ वेगळी. म्हणून परिशिष्टाशिवाय भांडू नये.

देवळालीकर
ध्वजदिन म्हणताय तर सशस्त्र सेना ध्वजदिन निधीच का नको? ७ डिसेंबर १९४९ पासून पाळतात. १९९३ मध्ये तीन-चार जुने निधी एकत्र करून आजचा निधी झाला. नाशिकमध्ये जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पैसे भरता येतात. यातून संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीला पैसा जातो आणि खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांच्या) पुनर्वसन केंद्रालाही अनुदान मिळतं. मदतीचे दर ठरलेले आहेत. हवालदार पदापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला पूर्वी महिना ४ हजार मिळायचे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८ हजार. मुलीच्या लग्नाचं अनुदान ५० हजारांवरून एक लाख झालं.

पण खासगी संस्थेशी टक्केवारीत तुलना करू नका. सैनिक कल्याण कार्यालयातले पगार केंद्र आणि राज्य सरकार मिळून देतात. निधीवर तो बोजा पडत नाही, म्हणून तो इतका स्वच्छ दिसतो.

पंचवटीकर
दोन गोष्टी राहिल्या. सीआरपीएफ, बीएसएफचे जवान ‘माजी सैनिक’ या व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे ध्वजदिन निधी त्यांच्या घरी पोचत नाही. त्यांच्यासाठी गृह मंत्रालयाचं ‘भारत के वीर’ आहे. त्यात शहीद जवानाच्या वारसाच्या खात्यात थेट रक्कम जाते, एका कुटुंबासाठी १५ लाखांची मर्यादा.

दुसरं, सोसायटीच्या ग्रुपवर ‘रोज एक रुपया, शस्त्रखरेदीसाठी’ हा मेसेज हमखास येईल. त्यात सिंडिकेट बँकेचं खातं असतं. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात विलीन झाली. मेसेजमध्ये ज्या लष्करी निधीचं नाव घेतात तो शस्त्रांसाठी कधीच नव्हता, जखमी आणि हुतात्मा जवानांच्या कुटुंबांसाठी आहे. फॉरवर्डवरून खाते क्रमांक घेऊ नका.

गंगापूररोड_४७
आभार. परिशिष्ट मागितलं तर फोनवाल्या बाई म्हणाल्या, ‘सर, वेबसाइटवर बघा.’ तिथे फक्त फोटो आहेत. ध्वजदिन निधीवर जवळजवळ एकमत झालंय. पैसे खजिनदारांच्या खात्यातून एकदम पाठवावेत का?

जमाखर्च
एकदम पाठवू नका. ज्या खात्यातून पैसा जातो त्याच्याच पॅनवर पावती निघते, बाकी ४६ जणांच्या हाती काही नाही. ज्यांना आयकरात वजावट हवी त्यांनी आपापल्या खात्यातून भरा. रोख नको, दोन हजारांवर रोख दिलं तर वजावट मिळत नाही. नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ती तशीही नाही, त्यांनी खजिनदारांकडे दिले तरी चालेल. खासगी संस्थेला कोणी देणार असेल तर ३१ मे नंतर फॉर्म १०बीई, म्हणजे वजावटीसाठीचं देणगी प्रमाणपत्र, मागून घ्या. आणि अर्जावर ‘कायम निधीसाठी’ असा चौकोन आधीच टिक केलेला असेल तर तो खोडून सही करा, नाहीतर मूळ रक्कम तशीच राहते आणि खर्च होतं ते फक्त व्याज.