मदत हवी आहे: बाबांची पुंजी ॲपच्या सल्ल्याने गुंतवावी का?

बाबा मार्चमध्ये निवृत्त झाले. फंडाचे १८ लाख बचत खात्यात पडून आहेत. मी एका रोबो-सल्लागार ॲपवर (म्हणजे माणसाऐवजी संगणकच गुंतवणूक सुचवतो) त्यांची माहिती भरली. वय, खर्च, जोखीम असे नऊ प्रश्न, आणि दोन मिनिटांत उत्तर: ४० टक्के इक्विटी, म्हणजे शेअर्समध्ये! आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आहे, ते त्याने विचारलंच नाही.

बाबा म्हणतात, "चुकलं तर जाब कुणाला विचारायचा?" ओळखीचा एजंट घरी येतो, त्याच्यावर त्यांचा विश्वास आहे. पण तो म्युच्युअल फंडांचे रेग्युलर प्लॅनच देतो, ज्यात दरवर्षी कमिशन कापलं जातं. एजंटशिवाय थेट घ्यायचे, कमिशन नसलेले डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत, हे त्याने कधी सांगितलंच नाही. मला तेच खटकतं.

कुणी आईवडिलांसाठी असं ॲप वापरलंय का? सेबीची (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी तपासण्याखेरीज आणखी काय पाहावं? की ठरावीक फी घेणारा नोंदणीकृत सल्लागारच गाठावा?