अनुभव धागा: "तो तिकडचा झाला"

आमच्या गल्लीत अशा माणसाबद्दल एवढंच बोलतात, "तो आता तिकडचा झाला." तिकडचा म्हणजे कुठला, हे कुणी विचारत नाही. दर गुरुवारी रिक्षा भरून जाते, सगळ्यांना माहीत असतं.

"कल्ट" हा शब्द आता मोबाइलमुळं सगळ्यांच्या तोंडी आलाय. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. पंथ म्हणावं तर ती शिवी नव्हे. नाथपंथ, वारकरी पंथ आपण आदरानंच म्हणतो. "नादी लागला" म्हटलं की दोष जाणाऱ्याचा. "भोंदू" म्हटलं की दोष बाबाचा. या दोघांच्या मधे जो सगळा कारभार चालतो, फोन करणाऱ्या ताया, वह्या, शिबिरं, पायऱ्या, त्याला नावच नाही. अभ्यासक लोक तर "कल्ट" शक्यतो टाळतात आणि "नवी धार्मिक चळवळ" म्हणतात, कारण कल्ट म्हटलं की निकाल आधीच लागलेला असतो.

आणि नवं म्हणून वाईट म्हणावं तर पंचाईत. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या शरणांनी, म्हणजे अनुयायांनी, ब्राह्मण आणि चांभार घरांत सोयरीक जुळवली, तेव्हा राज्य हादरलं असं सांगतात. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि कितीतरी शतकं ते बाहेरच्याला वाचता येत नव्हते. आज एखाद्या गटानं असं केलं तर आपण काय म्हणू?

म्हणून व्याख्या नकोत, स्वतःचं किंवा घरातलं लिहा. चांगलं असेल तर चांगलं लिहा. संस्थेचं नाव नको, गुरूचं नको, ओळखू येईल असं काही नको. आणि मराठी-कानडी वाद इथं आणू नका, त्याला वर्षाचे बाकीचे दिवस आहेत.

शहापूर (बेळगाव), मागवाल्या घरची सून

आमच्याकडं चार माग होते, आता एक चालतोय. सासरे गेल्यावर सासूबाई वर्षभर भिंतीकडं तोंड करून बसायच्या. शेजारच्या अक्कांनी त्यांना सत्संगाला नेलं. पहिले सहा महिने सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला. बाई हसायला लागल्या, पहाटे उठायला लागल्या, गुडघ्याचं रडगाणं बंद.

मग सोमवारचं कपिलेश्वराला जाणं बंद झालं. त्याचं मला काही नाही, देव बदलला तर बदलला. पण जावेच्या मुलीच्या बारशाला आल्या नाहीत. "त्या घरात मटण शिजतंय, माझी साधना खाली येते." त्याच घरात या बाईंनी तीस वर्षं रस्सा केलाय, आणि गल्ली वास घेत उभी राहायची असा.

दिवाळीला बघते तर हातात पाटल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "दिल्या." मी तिथल्या ताईंना फोन लावला. आवाज साखरेसारखा. "वहिनी, पावती संसारात लागते. इथं समर्पण असतं." मी बारा बायकांची भिशी चालवते. दोनशे रुपयाला सही घेते. मला हे पटायचं कसं?

सासूबाईंना म्हटलं, तुम्हीच एकदा हिशेब विचारा. त्या रागावल्या असत्या तर मी समजून घेतलं असतं. त्या घाबरल्या. मान खाली घालून म्हणाल्या, "नको गे, असं मनात पण आणू नको." ते घाबरणं मला अजून खुपतंय.

निपाणी

वरचं वाचून लिहितोय, कारण दुसरी बाजू पण हाय. आमचे बाबा दारू सोडले ते या असल्याच लोकांमुळं. आई विड्या वळायची, आठवड्याचा पगार झाला की बाबा दारातच उभे. दोनदा केंद्रात ठेवलं, दोनदा परत सुरू. मग वखारीतला एक हमाल त्यांना बैठकीला नेला. एकवीस दिवस रोज संध्याकाळी पाच माणसं घरी येऊन बसायची, नुसती बसायची, रात्री दहापर्यंत. कुठला सरकारी माणूस असा येऊन बसतो सांगा. माझी बहीण नर्सिंग शिकली ती त्या न घेतलेल्या बाटल्यांच्या पैशावर. गावात मात्र लोक बोलायचे, यांना बाहेरून पैसा येतोय, पोरी पळवतात, काय काय. काही खरं नव्हतं. नवीन होते, एवढाच गुन्हा.

एक मात्र हाय. आजी वारली तेव्हा बाबा मातीला आले नाहीत. शिबिर होतं. वरून परवानगी आली नाही म्हणाले. बावन्न वर्षांचा माणूस आईच्या मातीला यायला परवानगी मागतोय! दारूत होते तेव्हासुद्धा आले असते, पडत-झडत का होईना.

उद्यमबाग, फाउंड्रीत कामाला

निपाणीकर, "चांगलं काम करतात ना" हा मुद्दा मलाही पटायचा. पण दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात १८ नोव्हेंबर १९७८ ला ज्या गटातली नऊशेवर माणसं एका दिवसात मेली, त्यांतली कितीतरी लहान मुलं, त्याची सुरुवात पण अन्नछत्रं चालवून आणि काळ्या-गोऱ्यांना एका बाकावर बसवूनच झाली होती. चांगलं काम खरंच होतं. त्यानं पुढचं काही थांबलं नाही.

माझा अनुभव फुसका आहे. सहकाऱ्यानं शुक्रवार ते रविवार शिबिराला नेलं. इतकं कौतुक आमच्या लग्नातही झालं नव्हतं. मी स्वतःचं ताट धुतलं तर चार जण म्हणाले, किती नम्र आहात! दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी संशय यायला लागला. पुढच्या शिबिराचे साडेआठ हजार म्हटल्यावर मी नाही म्हणालो. त्यानंतर तीन आठवडे रोज फोन, मग एकदम शांतता. तोच सहकारी आता कॅन्टीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसतो.

"ब्रेनवॉश करतात" हे मात्र मला पटत नाही. आयलीन बार्कर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ च्या सुमारास लंडनकडं एका बदनाम कोरियन चळवळीच्या शिबिरांना गेलेल्या हजारभर लोकांची माहिती काढली. दहातले नऊ जण सामील झालेच नाहीत. जादू असती तर सगळेच अडकले असते. माझ्यासारखे नऊ निघून जातात. दहाव्याचं त्या दिवसांत घरी काय चाललेलं असतं, ते बघायला पाहिजे.

खानापूर

मी तो दहावा.

नऊ वर्षं होतो. आम्ही "आत" म्हणायचो नाही, "वर" म्हणायचो. तुम्ही सगळे "खालचे". शंका आली की तिला "काजळी" म्हणायचं. काजळी धरली की ती चारचौघांत सांगायची: बायकोवर ओरडलो, पैशाचा विचार आला, कुणाकडं बघितलं. सांगून झाल्यावर खरंच हलकं वाटायचं, खोटं कशाला बोलू. ते सगळं एक जण वहीत उतरवून घेत होता, हे मला बाहेर पडताना कळलं. त्यातली दोन वाक्यं त्यांनी मला वाचूनही दाखवली, फार प्रेमानं.

एका आषाढात निरोप आला, अमावास्येला जलप्रलय. आमच्याकडं आषाढात पाऊस कोसळतच असतो, प्रलय वेगळा ओळखायचा कसा, हा प्रश्न एकालाही सुचला नाही. मी म्हैस विकली. घरची, आठ लिटर देणारी. तांदूळ, मेणबत्त्या, काडेपेट्या घेतल्या. चाळीस जण रात्रभर एका हॉलमध्ये जप करत बसलो. पहाटे बाहेर आलो तर मलप्रभा आपल्या जागी आणि पाववाला सायकलवरून पोंगा वाजवत चाललेला.

सात वाजता गुरुजींचा निरोप आला, तुमच्या जपामुळं टळलं. आम्ही एकमेकांना मिठ्या मारून रडलो. मी पेढे वाटले, म्हशीच्याच पैशातून.

पुढं मुलानं मला दाखवलं की हे अमेरिकेत १९५४ साली जसंच्या तसं झालंय. शिकागोजवळच्या एका बाईंनी सांगितलं होतं, २१ डिसेंबरला पूर येणार आणि आपल्याला न्यायला उडती तबकडी येणार. ना पूर, ना तबकडी. मग संदेश आला की तुमच्या उजेडानं जग वाचलं, आणि तोवर गप्प असलेली माणसं स्वतःहून पेपरवाल्यांना फोन करायला लागली. लिओन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची माणसं भक्त बनून त्यांच्यात बसली होती, म्हणून हे कळलं. लोक हे वाचून हसतात. मला हसू येत नाही. म्हैस विकली नसती तर मी त्याच सकाळी सुटलो असतो.

वहीचं पण मुलानंच दाखवलं. रॉबर्ट जे लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञानं कम्युनिस्ट चीनमधल्या सक्तीच्या विचार-सुधारणेतून गेलेल्या लोकांशी बोलून १९६१ मध्ये आठ खुणा लिहिल्या. त्यात कबुलीजबाब आहे, शुद्धतेचा ध्यास आहे, आणि स्वतःची वेगळी भाषा पण आहे. वाचताना मला काजळी शब्द दिसायला लागला.

सुटलो कसा, तर तर्कानं नव्हे. मुलीला सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, बरे मार्क पडले, धारवाडला जाते म्हणाली. वरून निरोप, नको. बायको चुलीपुढं बसून होती, मागं न बघता म्हणाली, "ती जाणार." एवढंच झालं. नऊ वर्षांचे मित्र आता बाजारात मला बघून रस्ता ओलांडतात. त्यांचा राग येत नाही. मीही तसाच ओलांडलेला आहे.

कंग्राळी

भाचा तेरा वर्षांचा, फिटवर गोळ्या चालू. बहीण एका नव्या गुरूंकडं जायला लागली. त्यांनी गोळ्या बंद कर असं एकदाही म्हटलं नाही, हे मुद्दाम लिहिते. "तुला अजून त्याची गरज वाटते का?" एवढंच विचारायचे, हसून. बहिणीनं स्वतःच बंद केल्या. तीन आठवड्यांनी पोरगा नळावर पडला. वाचला, पुढचे दोन दात गेले.

ओळखीच्या वकिलांना विचारलं. कर्नाटकाचा अघोरी प्रथा आणि काळ्या जादूविरुद्धचा कायदा २०१७ चा, २०२० च्या जानेवारीत लागू झाला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. पण इथं रोखलं कुणी? एक प्रश्न विचारला, त्याला कलम कुठलं लावणार? बहीण अजून म्हणते, माझीच श्रद्धा कमी पडली.

येळ्ळूर, माळकरी

असं बघितलं तर आमच्यात पण माळ आहे, मटण बंद आहे, वर्षातून एकदा घरदार सोडून पंढरपूर आहे. मग आम्ही पण कल्टच काय? आमच्याकडं कीर्तन संपलं की म्हातारे महाराजांना पारावर धरतात, दृष्टांत चुकला म्हणून. महाराज पण भांडतात, मग सगळे मिळून चहा. आणि कुणी माळ उतरवली तर गाव चार दिवस चेष्टा करतंय, पाचव्या दिवशी परत हाक मारतंय. माझ्या चुलत्यानं तीनदा उतरवली, तीनदा घातली. चौथ्यांदा घालायच्या आधी वारला.

बैलहोंगलकडची, दवाखान्यात काम करते

काका, तुमचं खरं, पण जुनं असलं की त्याला कुणी कल्ट म्हणत नाही, हे पण लिहा की. सौंदत्तीच्या यल्लम्माला देवदासी म्हणून मुली सोडायचे. केसात जट आली की देवीचं बोलावणं. घरचे, पुजारी, गाव, सगळे एका बाजूला आणि पोर एका बाजूला. तिला सोडून जायचा रस्ता होता? कर्नाटकात त्यावर बंदीचा कायदा १९८२ ला आला. मी स्वतः जट कापलीय. कात्री, कोमट पाणी, खोबरेल तेल, दोन तास. कापताना आई बाहेर थरथरत उभी होती.

चिकोडीकडचा, सध्या बेंगळूरु

दोन एकर ऊस. उताऱ्यावर आता ट्रस्टचं नाव आहे. दादानं स्वखुशीनं दिला, सही करताना हसत होता म्हणे. मला कळलं ते सोसायटीची नोटीस आल्यावर. याहून जास्त लिहवत नाही.

टिळकवाडी

मी जाते. आजही जाते. हे सगळं वाचलं, दोन ठिकाणी राग आला.

नवरा गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची. घरी हळदीकुंकू असलं की सासूबाई मला म्हणायच्या, तू जरा आत बस. वाईट नव्हत्या त्या, तसंच करतात म्हणून करत होत्या. तिथं पहिल्याच दिवशी माझ्या हातात ओवाळायचं ताट दिलं. तुम्ही त्याला आमिष म्हणा. हे ताट तुमच्यातल्या कुणी आधी दिलं असतं तर मी तुमच्याकडं आले असते.

पैसे महिन्याला पाचशे देते, पावती मिळते. शहापूरच्या वहिनी, सगळीकडं सारखं नसतं. मटण सोडा कुणी म्हणालेलं नाही. बहिणीकडं जाते-येते.

पण खानापूरच्या काकांच्या "काजळी"पाशी थांबले. आमच्यात तो शब्द नाही. दुसरा आहे. इथं लिहीत नाही, लगेच ओळखाल. दोन दिवस तो शब्द डोक्यात फिरतोय आणि फिरतोय म्हणूनच तो वापरावासा वाटतोय.

आणि हे काल रात्री मोजलं. साडेतीन वर्षांत मी एकही गुरुवार चुकवलेला नाही. ताप असताना रिक्षानं गेले. भाच्याचा साखरपुडा अर्धा सोडून गेले. सक्ती कुणी केली नाही, खरंच नाही. फक्त कधी न जाऊन बघितलेलं नाही.

येत्या गुरुवारी हिंडलग्याला बहिणीकडं जातेय. काम काही नाही, अशीच. तब्येतीचं कारण देणार नाही. "येत नाही" एवढाच मेसेज टाकणार. कोण काय बोलतंय ते शुक्रवारी इथं लिहिते.