नदीचा ‘जीर्णोद्धार’ म्हणता येईल का?

खानापूरकर: जर्मनीतील एम्शर नदीवरील लेखाचे भाषांतर करताना अडलो आहे. तिच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचत असल्याने भूमिगत गटारे टिकत नसत, म्हणून कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी काँक्रीटने बांधलेल्या नदीपात्रातूनच उघड्यावर वाहत असे. १९९२मध्ये सुरू झालेल्या कामानंतर २०२१च्या अखेरीस सांडपाणी नदीत येणे थांबले. लेखात विष काढण्याला एक शब्द आहे आणि जीवसृष्टी परत आणण्याला दुसरा. मी दोन्हींकडे ‘शुद्धीकरण’ लिहिले आणि संपादकांनी मजकूर परत पाठवला.

निपाणीकर: दुसऱ्यासाठी ‘जीर्णोद्धार’ हा रुळलेला शब्द असताना नवा घडवण्याचे कारण नाही.

वडगावकर: जीर्णोद्धार म्हणजे जुन्या दगडाला ऑइलपेंट, हे आपण गावोगावी पाहतो. आमच्या बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचा जीर्णोद्धार करा म्हटले, तर दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती उभ्या राहतील, आणि एम्शरच्या काठी तर तेच काँक्रीट फोडून काढावे लागले! शिवाय जीर्ण म्हणजे वयाने झिजलेले; आमचा नाला म्हातारा झालेला नाही, तो नासवला गेला आहे.

निपाणीकर: ‘जीर्ण’चा अर्थ ‘पचलेले’ असाही आहे, त्यावरूनच ‘अजीर्ण’ आला. त्या हिशेबाने नदीला झाले आहे ते अजीर्णच.

चिकोडीकर: कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप पुरून मीठ धुऊन काढले, की आमचे वडील “रान वाफशावर आलं” म्हणत. पुस्तकी शब्दांपेक्षा मला हा जवळचा वाटतो.

निपाणीकर: ताई, वाफसा म्हणजे मातीतील ओलावा आणि हवा यांचा मेळ. शिसे मुरलेल्या मातीलाही वाफसा येतो, पण म्हणून तिच्यातली पालेभाजी आपण खाणार नाही.

चिकोडीकर: दादा, शब्दाचा अर्थ पसरतो. वडिलांना वाफसा कळत नव्हता, असे तर तुम्ही म्हणणार नाही ना?

वडगावकर: तलावांच्या कामांना कन्नडमध्ये ‘केरे पुनश्चेतन’ म्हणतात. शब्द संस्कृत आहे, तेव्हा तो उचलायला हरकत नसावी.

निपाणीकर: सरकारी फलकावरून मराठी शिकण्याची वेळ अजून आलेली नाही.

खानापूरकर: विष काढण्यासाठीचा शब्द मात्र कोणीच सुचवलेला नाही, आणि भाषांतर मला सोमवारी द्यायचे आहे.

निपाणीकर: त्याआधी एक खुलासा व्हावा. ‘चेतन’ हे विशेषण आहे, त्यामुळे शब्द घ्यायचाच झाला तर ‘पुनश्चेतना’ असा घ्यावा लागेल.