मदत हवी आहे: सकाळी आधी कुठलं काम हातात घ्यायचं?

लालबागला आमचं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. कारागीर चोख काम करतात, प्रश्न माझ्या कामांचा आहे. मंगलदास मार्केटमधून कापड आणणं, नवीन कोटेशन, वसुली, ट्रायल, सगळं माझ्याकडेच. जीएसटीचं सीए बघतात, पण दर महिन्याला 11 आणि 20 तारखेच्या रिटर्नआधी बिलं जुळवून मलाच द्यावी लागतात.

'तातडीचं' आणि 'महत्त्वाचं' असे चार चौकोन आखून पाहिले. सगळीच कामं तातडीच्या चौकोनात जाऊन बसली! कॅलेंडरवर वेळा लावल्या, तर पहिल्या फोनलाच वेळापत्रक कोलमडतं. फोन बंद ठेवता येत नाही, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात. मागे पडतात ती वसुली आणि कोटेशन, म्हणजे नेमकी पैसे आणणारी कामं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, अशा उद्योगांना जास्तीत जास्त 45 दिवसांत पेमेंट द्यायचा नियमही माहीत आहे. पण जुन्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवणं जिवावर येतं.

पूर्णवेळ माणूस परवडणार नाही, अर्धवेळ जमेल. कृपया अ‍ॅप सुचवू नका, दोन आहेत आणि दोन्ही उघडली जात नाहीत.

एकहाती धंदा सांभाळणाऱ्यांनी सांगा: डिलिव्हरी आणि वसुली एकाच दिवशी अंगावर आली की तुम्ही आधी काय उचलता, आणि अर्धवेळ माणसाकडे पहिलं कुठलं काम सोपवलंत?