परवाना नूतनीकरणाला उशीर : सगळ्यांना सारखाच दंड का?

सातारकर : अन्न परवान्याच्या 2011 च्या मूळ नियमावलीत कलम आहे, मुदत संपायच्या 30 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करा, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये. वाचताना किरकोळ वाटतं. पण छोट्या पोळीभाजी केंद्राला नुसती नोंदणी लागते आणि तिचं वर्षाचं शुल्कच 100 रुपये! महिनाभर उशीर झाला तर 3000, म्हणजे 30 वर्षांचं शुल्क. वर्षाला 7500 भरणाऱ्या केंद्रीय परवान्याच्या कंपनीलाही रोजचे शंभरच. हा उघड अन्याय आहे. दंड घ्या, पण शुल्काच्या प्रमाणात.

माजी तपासनीस : अजिबात पटलं नाही. तारीख नोंदणीपत्रावरच छापलेली असते. मुदतही एक ते पाच वर्षं, आपणच निवडायची. 500 रुपयांत पाच वर्षं निर्धास्त राहता येतं, तरी लोक एकेक वर्षाची घेतात. आणि नूतनीकरण म्हणजे नुसती पावती नव्हे. पत्ता बदलला, पदार्थ वाढले, हे त्या निमित्तानं कळतं. उद्या कुणाला विषबाधा झाली आणि कागदावर जुनाच गाळा असला, तर तपासाला जायचं कुठे?

मसालेवाली : साहेब, आमच्या बचत गटाचा अर्ज सायबर कॅफेवाल्यानं भरला. मोबाइल त्याचा, ईमेल त्याचा. मुदत संपत आल्याचा निरोप आम्हाला कसा मिळणार? यात कुणाची हयगय झाली?

माजी तपासनीस : ताई, नंबर स्वतःचा द्यायला काय हरकत होती? लोकांच्या पोटात जाणारी वस्तू विकतो आपण.

मसालेवाली : देता येतो हे सांगायला तरी कुणी हवं ना. मसाल्यात भेसळ निघाली तर खुशाल धरा. इथे तारीख चुकलीय.

सातारकर : मुदत संपल्यानंतरच्या दंडात प्रमाण पाळलंय, हे बघा. 90 दिवसांपर्यंत वार्षिक शुल्काच्या तिप्पट, पुढे 180 दिवसांपर्यंत पाचपट. तिपटीनं छोट्याला 300, मोठ्याला 22,500. मग मुदतीच्या आतल्या उशिराला वेगळा न्याय कशाला?

माजी तपासनीस : तिथेच तर घोळ आहे. परवाना संपल्यावर धंदा बंद ठेवायचा असतो, तो कुणी ठेवत नाही. तीन महिने बिनपरवाना चालवून 300 रुपयांत सुटका होत असेल, तर वेळेवर अर्ज करणाऱ्यानं काय पाप केलं? पटीचा हिशेब मान्य, पण किमान 1000 तरी ठेवा.

मसालेवाली : हजार भरू. पण आधी घरच्या पत्त्यावर एक पत्र पाठवा.