खाण्याच्या लसीचे घोडे नेमके कुठे अडले?

प्रश्न – विज्ञानशिक्षिका, कोथरूड

मी दहावीला विज्ञान शिकवते. जनुकीय बदल केलेल्या बटाट्यातून लस देण्याच्या प्रयोगांविषयी सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले की, असा बटाटा मार्केट यार्डात कधी येणार आणि त्याची भाजी केली तर चालेल का. ‘संशोधन चालू आहे’ असे मोघम उत्तर मी दिले खरे, पण मी स्वतः विद्यार्थिनी असतानाही हेच वाक्य ऐकले होते. सुई नको, शीतपेटी नको, इतकी सोयीची कल्पना कशामुळे रखडली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक (वनस्पतिशास्त्र)

ताई, आधी भाजीचे सांगतो. लस म्हणून काम करणारे प्रथिन शिजवताना बहुधा बिघडते, म्हणूनच प्रयोगात भाग घेणाऱ्यांना बटाटा कच्चाच खावा लागला. आपल्याकडे उपवासालासुद्धा तो कोणी कच्चा खात नाही.

वनस्पतीत असे प्रथिन तयार होते, यात आता शंका उरलेली नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स आर्नट्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हिपॅटायटिस बी विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन तंबाखूच्या रोपात तयार करून दाखवले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई. कोलाय जिवाणूच्या विषाचा निरुपद्रवी भाग असलेले कच्चे बटाटे ११ जणांना खाऊ घातले, तेव्हा त्यांपैकी १० जणांच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, वाढली. २००५ मध्ये हिपॅटायटिस बीच्या बटाट्याचे निष्कर्ष आले. त्यात तीन वेळा प्रत्येकी सुमारे १०० ग्रॅम बटाटा खाणाऱ्या १६ जणांपैकी १० जणांची प्रतिपिंडे वाढली. मात्र या सर्वांनी पूर्वी त्याच रोगाची टोचून घ्यायची लस घेतलेली होती, हा तपशील वर्तमानपत्री बातम्यांत हमखास गळतो. बटाट्याने जुनी प्रतिकारशक्ती जागी केली, नव्याने निर्माण केली असे त्यावरून म्हणता येत नाही.

उत्तर – औषधांच्या गुणवत्ता तपासणीत काम करणारा, हडपसर

सरांनी सांगितलेल्या आकड्यांच्या मागे खरी अडचण मात्रेची आहे. लसीच्या प्रत्येक कुपीत किती प्रथिन आहे, हे आम्हाला ठरलेल्या मर्यादेत दाखवून द्यावे लागते, नाहीतर संपूर्ण बॅच बाद होते. एकाच झाडाच्या दोन फळांत मात्र ते सारखे नसते, आणि पिकण्याबरोबर, साठवणुकीबरोबर बदलत जाते. शिवाय पोटातील आम्ल व पाचकरस त्यातील बराचसा भाग पचवून टाकतात, त्यामुळे तोंडावाटे जास्त मात्रा द्यावी लागते. आणि तोंडावाटे वारंवार पोटात गेलेल्या प्रथिनाला शरीर अन्न समजून सोडून देण्याचीही शक्यता असते, म्हणजे प्रतिकार उभा राहण्याऐवजी नेमके उलटेच घडते. पोलिओचे थेंब तोंडावाटे चालतात, कारण त्यांत जिवंत, दुर्बल केलेला विषाणू असतो आणि तो आतड्यात वाढतो. सुटे प्रथिन वाढत नाही.

उत्तर – कृषी पदवीधर, मंचर

आमच्या सातगाव पठारावर बटाटा मोठ्या प्रमाणावर होतो, म्हणून शेताच्या बाजूने लिहितो. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये प्रोडिजीन कंपनीने डुकरांच्या लसीसाठीचा मका लावला होता. पुढच्या हंगामात त्याच शेतातील सोयाबीनमध्ये त्याची रोपे उगवली आणि २००२ मध्ये सुमारे ५ लाख बुशेल (धान्य मोजायचे अमेरिकी माप) सोयाबीन नष्ट करण्याची वेळ आली. बाजारातील बटाटा आणि लसीचा बटाटा दिसायला सारखेच. ते वाहतुकीत मिसळले तर ओळखणार कोण? ज्या देशात बीटी वांग्यावर, म्हणजे कीड लागू नये म्हणून जनुकीय बदल केलेल्या वांग्यावर, २०१० पासून स्थगिती आहे, तिथे लसीचे पीक उघड्या शिवारात लावू द्यावे, असे मलाही वाटत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. म्हणजे हा विषय आता पुस्तकापुरताच उरला, असे वर्गात सांगावे का?

उत्तर – निवृत्त प्राध्यापक (वनस्पतिशास्त्र)

तसे सांगू नका. टोकियो विद्यापीठाच्या गटाने कॉलऱ्याच्या विषाचा निरुपद्रवी भाग तांदळाच्या दाण्यात तयार केला असून, तो तांदूळ बंदिस्त जागेत पिकवून, दळून, त्याची भुकटी द्रवात मिसळून पाजली जाते. दळलेल्या भुकटीची मात्रा मोजता येते आणि ती सामान्य तापमानालाही टिकते. माणसांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. काही जणांत मात्र प्रतिसाद मिळाला नाही, आणि आतड्यातील जिवाणूंच्या विविधतेशी त्याचा संबंध असावा, असे त्या गटाला दिसले. विद्यार्थिनीला एवढेच सांगा की, ही लस आली तर मार्केट यार्डात नव्हे, औषधाच्या दुकानात पुडीतून येईल.